शालेय पत्रके व प्रकाशने यांतील चित्रे : शोध आणि न्याय्य उपयोग

जून महिन्यात पटनोंदणीची गावफेरी निघते, त्या वेळी शाळेच्या वतीने घरोघरी एक पत्रक वाटण्याची प्रथा आता पुष्कळ गावांत रूढ झाली आहे. पूर्वी असे पत्रक साध्या कागदावर चक्रमुद्रित करीत. आता ते शिक्षकाच्या मोबाईलवरच तयार होते, रंगीत असते आणि त्यावर एखादे छायाचित्रही असते. या छायाचित्रात कित्येकदा निळा कोट व गळ्यात टाय घातलेली, परदेशी चेहऱ्याची मुले हिरवळीवर पुस्तके उघडून हसत बसलेली दिसतात, आणि खाली नाव असते ते गावच्या जिल्हा परिषद शाळेचे. ही मुले आपल्या गावची नव्हेत हे कळण्यास पालकाला क्षणाचाही विलंब लागत नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘छायाचित्र सौजन्य : गूगल’ अशी ओळ असते. एवढे लिहिले म्हणजे ज्याचे त्यास दिले, अशी पत्रक करणाऱ्या शिक्षकाची प्रामाणिक समजूत असते.

ही समजूत बरोबर नाही. गूगल हा त्या चित्रांचा मालक नव्हे. कोणते चित्र कोठे ठेवलेले आहे हे दाखविणारा तो वाटाड्या आहे. पत्र आणून देणाऱ्या पोस्टमनचे नाव पत्राखाली लेखक म्हणून घालावे, तसाच हा प्रकार होय. ‘साभार : इंटरनेट’ या ओळीचीही तीच गत आहे. चित्र कोणी काढले, त्याने ते कोणत्या अटीवर लोकांपुढे ठेवले, हे या दोन्ही ओळींवरून कळत नाही. आणि नेमके तेच कळणे अगत्याचे असते.

भारतात या विषयाचे नियमन १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने होते. या अधिनियमात छायाचित्राची गणना कलाकृतीत केलेली आहे. छायाचित्र काढले गेले की त्याच क्षणी त्यावर स्वामित्वहक्क उत्पन्न होतो. त्यासाठी कोठे नोंदणी करावी लागत नाही, की चित्रावर वर्तुळातील ‘सी’ ही खूणही असावी लागत नाही. यास्तव ‘चित्रावर काहीच लिहिलेले नव्हते, म्हणून घेतले’ हे उत्तर कायद्यापुढे टिकणारे नाही.

हा हक्क किती काळ टिकतो, याविषयी शिक्षकांत बराच गोंधळ आढळतो, आणि तो समजण्यासारखा आहे. कारण मध्यंतरी नियमच बदलला. २०१२ पर्यंत छायाचित्रावरील हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चाले. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्राचा हा वेगळा नियम गेला. आता इतर कलाकृतींप्रमाणेच छायाचित्रकाराचे आयुष्य, आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे, इतका हा काळ आहे. चित्रकारांची उदाहरणे घेतल्यास गोष्ट स्पष्ट होईल. राजा रविवर्मा १९०६ साली व महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली निवर्तले. त्यांची चित्रे आज सर्वांसाठी मोकळी आहेत. दिवाळी अंकांची मुखपृष्ठे ज्यांनी घरोघरी पोहोचविली ते दीनानाथ दलाल १९७१ साली निवर्तले. त्यांच्या चित्रांवरील हक्क २०३१ च्या अखेरपर्यंत राहील. म्हणजे जुने दिसणारे प्रत्येक चित्र मोकळे असतेच असे नाही.

येथे आणखी एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा लागतो. अजिंठ्याची भित्तिचित्रे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्यांवर कोणाचा हक्क असणार? परंतु त्या लेण्यांत गेल्या वर्षी कोणी छायाचित्रे काढली असतील, तर ती त्या छायाचित्रकाराची आहेत. उलट मेजर रॉबर्ट गिल याने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात काढलेली अजिंठ्याची छायाचित्रे मोकळी आहेत. कारण तो १८७९ साली वारला. थोर पुरुषांच्या व स्त्रियांच्या चित्रांबाबतही हेच. सावित्रीबाई फुले यांचे देहावसान १८९७ साली झाले. तथापि तीन जानेवारीच्या भित्तिपत्रकासाठी जी रंगीत चित्रे मोबाईलवर फिरत असतात, त्यांपैकी पुष्कळशी नंतरच्या काळातील चित्रकारांनी काढलेली आहेत. चित्रातील व्यक्ती केव्हाची हे पाहून भागत नाही, चित्र केव्हाचे व कोणाचे हे पाहावे लागते.

एवढे वाचून एखादा शिक्षक म्हणेल, ‘मग वर्गात एखादे चित्रही दाखवू नये काय?’ तसे मुळीच नाही. शिक्षकासाठी कायद्याने एक प्रशस्त दार उघडे ठेवले आहे, आणि ते पुष्कळांस ठाऊक नाही. अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये, शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत केल्यास तो हक्कभंग होत नाही, असे स्वच्छ म्हटलेले आहे. प्रश्नपत्रिकेत चित्र छापणे आणि उत्तरात ते काढणे, यांसही हीच सूट आहे. ज्वालामुखीचा पाठ शिकविताना एखाद्या परदेशी छायाचित्रकाराचे चित्र पडद्यावर दाखविले, त्याच्या प्रती काढून गटागटांना वाटल्या, घटक चाचणीत ते छापून ‘बाणाने दर्शविलेल्या भागांची नावे लिहा’ असे विचारले, तर यात शिक्षकाने भिण्यासारखे काही नाही.

या सवलतीचा अर्थ किती व्यापक आहे, याचा विचार दिल्ली उच्च न्यायालयात २०१६ साली झाला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एक छायाप्रतीचे दुकान पुस्तकांतील निवडक प्रकरणांच्या प्रती काढून विद्यार्थ्यांना वाटीव संच करून देत असे. काही नामांकित परदेशी प्रकाशनसंस्थांनी त्याविरुद्ध २०१२ साली दावा लावला होता. न्यायालयाने असे ठरविले की, अध्यापन म्हणजे केवळ वर्गाच्या चार भिंतींत होणारे व्याख्यान नव्हे. अध्यापनाच्या हेतूसाठी जेवढे आवश्यक, तेवढ्या प्रती काढणे या सवलतीत बसते. २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. खेड्यातील एकशिक्षकी शाळेसही या निर्णयाचा आधार आहे, हे विसरू नये.

परंतु या दाराला उंबरठा आहे. चित्राचा उपयोग अध्यापनासाठी होत आहे तोवर सूट आहे. तेच चित्र पटनोंदणीच्या पत्रकावर, स्नेहसंमेलनाच्या फलकावर, देणगीच्या आवाहनात किंवा शाळेच्या नावे उघडलेल्या सार्वजनिक पानावर आले की ते अध्यापन राहत नाही, ती प्रसिद्धी होते. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर स्वाध्यायासोबत पाठविलेले चित्र अध्यापनाच्या ओघात आले असे म्हणता येईल. मात्र पाठाची चित्रफीत करून ती यूट्यूबवर सर्व जगासाठी खुली केली, आणि त्यात जाहिरातीचे उत्पन्नही मिळू लागले, तर ‘मी शिक्षक आहे’ एवढ्या म्हणण्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नव्हे. कित्येक हौशी शिक्षक अशा चित्रफिती परिश्रमाने करतात, व त्या खरोखर चांगल्या असतात. म्हणूनच एका चित्रासाठी सगळी चित्रफीत काढून टाकण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.

जाणूनबुजून हक्कभंग करणे हा गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितलेला आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसेल तेथे न्यायालय कारणे नमूद करून शिक्षा कमी करू शकते. शाळेच्या पत्रकावरून कोणी तुरुंगात जाईल असे भय घालण्याचे कारण नाही. व्यवहारात बहुधा येते ती नुकसानभरपाईची मागणी. छायाचित्र कोठे कोठे वापरले गेले आहे, हे आता यंत्राने शोधता येते, आणि पत्र थेट मुख्याध्यापकांच्या नावे येऊ शकते. चित्रावर आडवे उमटविलेले मालकाचे नाव कातरून किंवा पुसून चित्र वापरणे हे तर अधिक वाईट. कारण ते पुसणाराला अजाणतेपणाची सबबही उरत नाही.

आता मोकळी चित्रे मिळतात कोठे, याकडे वळू. तयार चित्रांचा साठा करून ती मागणीप्रमाणे वापरण्यास देण्याचा धंदा जुना आहे. ऑटो बेटमान नावाचे ग्रंथपाल १९३५ साली नाझी जर्मनीतून दोन पेट्या भरून चित्रे घेऊन न्यूयॉर्कला आले व त्यांनी असाच एक प्रसिद्ध संग्रह उभा केला. स्टॉक फोटो म्हणतात ते हेच. आज असे संग्रह संगणकावर आहेत. त्यांपैकी काही पैसे घेऊन परवाना देतात. त्यांच्या चित्रांवर ‘रॉयल्टी-फ्री’ असे लिहिलेले असते, आणि येथे पुष्कळ जण फसतात. याचा अर्थ चित्र फुकट आहे असा नसून, एकदा मोल दिल्यावर प्रत्येक वापरासाठी पुन्हा मानधन द्यावे लागत नाही, असा आहे. ‘एडिटोरियल’ अशी खूण असलेले चित्र वृत्तासाठी किंवा माहितीपर लेखासाठी असते. ते जाहिरातीत चालत नाही.

अनस्प्लॅश, पेक्सेल्स व पिक्साबे या संकेतस्थळांवरील चित्रे मात्र मोबदला न देता वापरता येतात, नाव देण्याची सक्तीही नसते. अनस्प्लॅशवर पैसे भरणाऱ्या सभासदांसाठी राखलेली काही चित्रे वेगळी असतात, तेवढी टाळावीत. शिवाय या स्थळांवर वरच्या रांगेत पैसे घेणाऱ्या संग्रहांच्या जाहिराती सरमिसळ दिसतात. बोट भलतीकडे पडू नये. दुसरी अडचण अशी की, या संग्रहांत ‘शाळा’ असा शोध घेतला की पुन्हा तीच हिरवळ व तेच कोट समोर येतात.

मराठी शिक्षकाच्या उपयोगाची खरी खाण म्हणजे २००४ साली सुरू झालेले विकिमीडिया कॉमन्स होय. सह्याद्रीतील किल्ले, नद्या, पक्षी, रानफुले, अवजारे, सण, वाद्ये, लेणी अशी आपल्याच मुलखाची असंख्य चित्रे येथे हौशी लोकांनी घातलेली आहेत. शोध मराठीत घेऊन निष्फळ झाल्यास इंग्रजी नावाने घ्यावा. पक्षी व वनस्पती यांच्याबाबतीत शास्त्रीय नावाने घेतल्यास फळ उत्तम मिळते. नासा या अमेरिकी अवकाशसंस्थेची छायाचित्रेही सर्वसाधारणपणे हक्कमुक्त असतात. अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी ७ डिसेंबर १९७२ रोजी घेतलेले संपूर्ण पृथ्वीगोलाचे प्रसिद्ध छायाचित्र त्यांपैकीच एक. भूगोलाच्या खोलीत लावण्यास याहून चांगले चित्र मिळणे कठीण. गूगलवर चित्रे शोधतानाही ‘टूल्स’खालील ‘यूसेज राइट्स’ येथे क्रिएटिव्ह कॉमन्स हा पर्याय निवडता येतो. पण तेवढ्यावर न थांबता मूळ पानावर जाऊन परवाना वाचावा.

क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ साली स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिने आपले परवाने प्रसिद्ध केले. ‘माझे चित्र घ्या, मात्र एवढ्या अटी पाळा’ असे निर्मात्याने आधीच सांगून ठेवण्याची ही सोय आहे. अटी चार आहेत व त्या जोडअक्षरांनी दाखविलेल्या असतात. ‘बीवाय’ म्हणजे निर्मात्याचे नाव द्या. ‘एसए’ म्हणजे चित्रात फेरफार करून नवे काही केलेत, तर तेही याच परवान्याने इतरांस द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी लाभासाठी वापरू नका. ‘एनडी’ असेल तर फेरफार केलेली आवृत्ती प्रसिद्ध करू नका. म्हणजे चित्र कापून, रंग बदलून किंवा त्यावर अक्षरे लिहून छापता येणार नाही. पत्रकासाठी हे शेवटचे चित्र बहुधा निरुपयोगीच ठरते. ‘सीसी-झीरो’ असेल तेथे कोणतीच अट नाही.

नाव कसे द्यावे, हे सांगण्याची गरज आहे. कारण अट ठाऊक असूनही ती अर्धवट पाळली जाते. चित्राचे नाव, छायाचित्रकाराचे नाव, प्राप्तिस्थान व परवाना या चार गोष्टी एका ओळीत याव्यात. उदाहरणार्थ, ‘कैलास लेणे, वेरूळ, छायाचित्रकार अमुक, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बीवाय-एसए ४.०’. चित्र कापले असल्यास ‘कापून घेतले’ असेही लिहावे. छायाचित्रकाराने टोपणनाव घेतले असेल तर टोपणनावच द्यावे. ओळ लहान अक्षरांत चालेल, वाचता येईल इतकी असावी म्हणजे झाले.

येथवर हक्काची गोष्ट झाली ती छायाचित्रकाराच्या. चित्रातील माणसाचे काय? २००७ साली ऑस्ट्रेलियातील एका दूरध्वनी कंपनीने अशाच मोकळ्या परवान्याचे एक छायाचित्र जाहिरातीच्या फलकावर लावले. परवाना योग्य होता. पण चित्रातील मुलगी अमेरिकेतील एक अल्पवयीन विद्यार्थिनी होती. तिला अगर तिच्या घरच्यांना कोणी विचारले नव्हते, आणि फलकावरील मजकूर तिची थट्टा करणारा होता. प्रकरण अमेरिकेतील न्यायालयात गेले. तेथे ते अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर निकालात निघाले, तरी प्रश्न जगभर चर्चिला गेला. छायाचित्रकार आपला हक्क सोडू शकतो. चित्रातील मुलाच्या वतीने संमती देणे त्याच्या हाती नसते.

हा प्रसंग शाळांना दूरचा वाटू नये. शाळेतील मुलांचे चित्र पत्रकावर किंवा सार्वजनिक पानावर घालण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घ्यावी. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमातही अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती महत्त्वाची मानलेली आहे. प्रवेशाच्या वेळीच एक साधा संमतिपत्राचा कागद भरून घेतल्यास वर्षभर अडचण येत नाही. मात्र कागदात ‘शाळेच्या प्रसिद्धीसाठी’ हे शब्द स्पष्ट असावेत आणि पालकांना ते वाचून दाखवावेत. एखाद्या आईने नकार दिला तर कारण विचारू नये. घरातील एखादे दुःख, फारकत, भय यांची वाच्यता शाळेपुढे करण्यास कोणास भाग पाडणे बरे नव्हे. वाटप, सवलत, मदत स्वीकारणाऱ्या मुलांची रांग लावून काढलेली छायाचित्रे तर संमती असली तरी छापू नयेत, असे सुचवावेसे वाटते. मूल मोठे होते, चित्र मात्र तेथेच राहते.

संमती हाती असेल तर शाळेच्या पत्रकासाठी सर्वांत योग्य चित्र शाळेतच आहे. परसबागेत पाणी घालणारी मुले, फळ्यापुढे गणित सोडविणारी मुलगी, पटांगणातील लेझीम हे चित्र पालक ओळखतात व त्यावर विश्वास ठेवतात. शिक्षकाच्या साध्या मोबाईलने, सकाळच्या उन्हात, मुले उजेडाकडे तोंड करून असताना काढलेले छायाचित्र पत्रकास पुरेसे असते. पटसंख्या टिकविण्याची चिंता ज्या शाळांना आहे, त्यांनी उसनी हिरवळ दाखवून पालकांच्या मनात शंका का निर्माण करावी?

अशा चित्रांची मालकी कोणाची, हाही प्रश्न येतो. तालुक्याच्या छायाचित्रकारास मोबदला देऊन स्नेहसंमेलनाची छायाचित्रे काढवून घेतली असतील, व वेगळा करार नसेल, तर कायद्याप्रमाणे ती काढवून घेणाऱ्याची, म्हणजे शाळेची. तोच छायाचित्रकार स्नेहापोटी विनामूल्य आला असेल, तर चित्रे त्याची. त्याच्याकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्यावी. पालकाने पाठविलेले चित्र त्या पालकाचे. चौकातील पुतळा, गावची वेस, देवळाचे शिखर यांची छायाचित्रे काढून छापण्यास आडकाठी नाही, कारण सार्वजनिक जागी कायम असलेली शिल्पे व इमारती यांना कायद्याने तशी सूट दिली आहे. भिंतीवर रंगविलेल्या चित्रांना ती सूट नाही. बोलक्या भिंतींचे छायाचित्र छापताना त्या रंगविणाऱ्या कलाकारास विचारावे, त्याचे नावही घालावे. त्यालाही ते आवडेल.

शेवटी नोंदीविषयी. जडवस्तुसंग्रहाची नोंदवही प्रत्येक शाळेत असते, बाक-खुर्च्या मोजून लिहिल्या जातात. तशीच चित्रांसाठी एक साधी वही करावी. चित्र कोणते, कोणाचे, कोणत्या पानावरून घेतले, परवाना कोणता, कोणत्या तारखेस घेतले व कोठे छापले, एवढे रकाने पुरेत. त्या दिवशीच्या परवान्याच्या पानाचा पडदाचित्र म्हणून ठसा घेऊन ठेवावा. कारण संकेतस्थळे आपल्या अटी बदलतात. पिक्साबेवर पूर्वी सीसी-झीरो हा परवाना असे. २०१९ पासून त्या स्थळाने स्वतःचा निराळा परवाना लावला.

नोंद नसली म्हणजे काय होते याचे एक विलक्षण उदाहरण आहे. कॅरल हायस्मिथ या अमेरिकी छायाचित्रकर्त्रीने आपली हजारो छायाचित्रे तेथील काँग्रेसच्या ग्रंथालयास देऊन जनतेसाठी मोकळी केली होती. पुढे तिने स्वतःचेच एक छायाचित्र आपल्या संकेतस्थळावर वापरले, तेव्हा एका चित्रसंग्रहाच्या वतीने तिलाच १२० डॉलरच्या मागणीचे पत्र आले. २०१६ साली तिने दावा लावला. पण हक्क आधीच सोडून दिला असल्याने स्वामित्वहक्काचे मुद्दे न्यायालयाने फेटाळले, उरलेले आपसांत मिटले. मोकळी चित्रेही कोणी विकावयास ठेवू शकतो, आणि घेणाऱ्याकडे पैसे मागू शकतो. अशा वेळी ‘हे चित्र अमुक दिवशी, अमुक ग्रंथालयातून, अमुक परवान्याने घेतले’ अशी वहीतील ओळ उत्तरादाखल पाठविता येते.

चित्र फारच हवे आहे आणि परवाना सापडत नाही, असे झाल्यास सरळ मालकास लिहावे. शाळेचे नाव, चित्र कोठे छापावयाचे, किती प्रती, पत्रक विनामूल्य आहे हे, व नाव कसे घालावे अशी पृच्छा, एवढा मजकूर पाच ओळींत मावतो. परवानगी लेखी मागावी. ईमेलने आलेले उत्तर चालते. ते छापून वहीत चिकटवावे. उत्तर न आल्यास ती परवानगी समजू नये, दुसरे चित्र शोधावे.